‘तृतीय रत्न’ला कात्री नको!

महात्मा जोतीराव फुले यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक येत्या ११ एप्रिलच्या जयंतीला सादर करण्याचा निर्धार एका कामगार वस्तीतील नाट्यमंडळीने केला आहे. दिवसा हमाली, नोकरी, धुणीभांडी करणाऱ्या या मुलामुलींच्या तालमी रात्री विहारामागच्या पत्र्याच्या खोलीत चालतात. त्यांचे अभिनंदन करतानाच एका गोष्टीची दखल घेणे आम्हाला भाग आहे. नाटकातला पाद्री काढून टाका, जोशीबुवाला नुसता ‘ढोंगी बाबा’ करा, म्हणजे कुणाच्या भावना दुखावणार नाहीत, असा सल्ला त्यांना काही हितचिंतकांनी दिला आहे. हा सल्ला त्यांनी मुळीच ऐकू नये!

या नाटकाचा गळा एकदा घोटून झालेला आहे. जोतीरावांनी ते १८५५ साली लिहिले आणि दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. कमिटीतल्या भट सभासदांनी ते हाणून पाडले, हे खुद्द जोतीरावांनीच ‘गुलामगिरी’त नमूद केले आहे. ते छापून यायला १९७९ साल उजाडले. दरम्यान मराठी रंगभूमीचा इतिहास लिहून तयार झाला. १८४३ चे ‘सीता स्वयंवर’ हा त्याचा आरंभ आणि १८६१ चे कीर्तन्यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे पहिले स्वतंत्र गद्य नाटक! त्याच्या सहा वर्षे आधी एका माळ्याच्या मुलाने कुणब्याच्या घरातली गोष्ट थेट बोलीत लिहून ठेवली होती, तिची नोंद कोण घेणार?

आता पाद्र्याविषयी. हा मिशनऱ्यांचा प्रचार आहे, अशी ओरड होईलच. पण स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. नाटकातले कुणबी जोडपेही शेवटी चर्चची वाट धरत नाही, जोतीरावांच्या शाळेत शिकायला निघते. पाद्री काढला तर जोशाशी वाद घालणार कोण? आणि जोशाची जात झाकली तर नाटकात उरते काय? २०२५ साली ‘फुले’ चित्रपट आला तेव्हा सेन्सॉरने जातींचे उल्लेख बदलायला लावले, प्रदर्शन दोन आठवडे लांबले. कमिटी बदलली, खोड तीच. तेच काम आपल्या तालमीच्या खोलीत आपणच का करावे?

खरे तर या नाटकाची धार आपल्याच घराकडे आहे, आणि ती जास्त झोंबणारी आहे. बाई गरोदर आहे. पोटातल्या लेकराच्या ग्रहांची भीती घालून जोशी तिला घेरतो, ब्राह्मणभोजनाचा खर्च त्या गरीब संसारावर लादतो. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, मुखी २२ प्रतिज्ञा आणि मुलीचे लग्न ठरताच गुपचूप पत्रिका जुळवायला जाणारी मंडळी आपल्यात नाहीत काय? २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याला डॉ. दाभोलकरांचे बलिदान द्यावे लागले. पण सकाळी टीव्हीवर राशिभविष्य सांगणारा आजचा जोशी मोकळाच आहे. त्याला उत्तर द्यायला जोतीरावांचा विदूषक हवा. मध्येच तोंड घालून जोशाचे बिंग फोडणारा, प्रेक्षकांना हसवता हसवता टोचणारा हा विदूषक म्हणजे नाटकाचा प्राण आहे. ही भूमिका मंडळीने एका मुलीला दिली आहे, हे आम्हाला विशेष आवडले.

थिएटरचे भाडे परवडत नाही म्हणून मंडळी नाराज आहे. नाराज कशाला व्हायचे? सत्यशोधकी जलशांना आणि भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांना कुठले थिएटर होते? चौकात दोन बाके जोडा, पुढच्या रांगा बायाबापड्यांना द्या, पुढाऱ्यांना मागे बसू द्या. आणि आयोजकांना एक कळकळीची विनंती. जयंतीच्या कार्यक्रमात हार, शाली, सत्कार आणि भाषणे यांतच रात्रीचे दहा वाजतात, मग नाटक उरकून घ्या म्हणून कलाकारांना चिठ्ठी जाते. या वेळी नाटक सातला ठरले असेल तर सातलाच सुरू करा. सत्कार नंतर करा, ज्यांना थांबायचे ते थांबतील.