ड्रोनच्या मागे पंख्याचं विमान



गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत मुलं डबे उघडून बसली होती, तेवढ्यात शाळेवरून घरघर करत एक विमान गेलं. आपल्या रत्नागिरीत हे काही नवीन नाही. मिरजोळ्याच्या विमानतळावर तटरक्षक दलाचा तळ आहे आणि या दलाची दोन पंख्यांची डॉर्निअर विमानं समुद्रावर गस्त घालतात. मुलं माना वर करून बघत राहिली. चौथीतला एक जण म्हणाला, "बाई, किती हळू चाललंय हे! लढाईत याचा काय उपयोग?"

मीही पटकन म्हणून गेले, "लढाईला जेट विमानं असतात रे. हे आपलं गस्तीचं." घंटा झाली, विषय संपला. पण घरी जाऊन थोडं वाचलं आणि लक्षात आलं, माझं उत्तर अर्धवट होतं! दुसऱ्या दिवशी मी ते वर्गात दुरुस्त केलं. तेच आज तुम्हाला सांगते.

ड्रोन म्हणजे आत माणूस नसलेलं विमान. लग्नात फोटो काढणारं छोटं ड्रोन तुम्ही पाहिलंच असेल. युद्धातली काही ड्रोन त्याहून कितीतरी मोठी असतात. 'ऑपरेशन सिंदूर'च्या काळात, ८ मे २०२५ च्या रात्री, पाकिस्तानने ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन पाठवली, असं आपल्या सरकारने सांगितलं. ती पाडायला नव्या क्षेपणास्त्रांबरोबर एल-७० ही जुनी तोफही कामाला आली. मूळची स्वीडनची ही तोफ आपल्या सैन्यात १९६० च्या दशकापासून आहे. म्हणजे तुमच्या आजोबांच्या तरुणपणातली! तिला फक्त नवे कॅमेरे आणि नवी यंत्रणा जोडली.

युक्रेनमध्ये तर याहून नवल घडलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने त्या देशावर मोठा हल्ला केला. त्याच वर्षी तिथल्या शहरांवर 'शाहेद' नावाची, मूळ इराणी रचनेची ड्रोन येऊ लागली. मागे पंखा, पुढे स्फोटकं आणि वेग ताशी सुमारे १८० किलोमीटर. आवाज मोपेडसारखा फटफट! एका ड्रोनची किंमत पंधरा-वीस लाखांपासून चाळीस लाख रुपयांच्या आसपास असावी, असा अंदाज आहे. ते पाडायला सोडलेलं एखादं क्षेपणास्त्र मात्र कोट्यवधींचं असतं. माशी मारायला तोफ डागण्यातलाच प्रकार.

मग जेट विमान पाठवावं का? इथे वेगाची गंमत कळते. समजा, तुम्ही भाट्याच्या पुलावर सायकल चालवताय. शेजारून मित्रही सायकलनेच चाललाय. त्याच्या हातातली छत्री तुम्ही आरामात घेऊ शकाल. पण भरधाव मोटारीतून कोणी ती घेऊ पाहील, तर? छत्री कधी मागे पडली तेही कळणार नाही! ताशी ६०० किलोमीटरने जाणारं जेट ताशी १८० च्या ड्रोनजवळ सेकंदाला शंभराहून जास्त मीटर सरकतं. नेम धरायला वेळच उरत नाही.

शिवाय जवळून मारावं, तर धोका वेगळाच. ऑक्टोबर २०२२ मध्ये विनित्सिया शहराजवळ एका युक्रेनी वैमानिकाने मिग-२९ या जेट विमानातून शाहेद पाडलं. त्या ड्रोनचे तुकडे त्याच्याच विमानाला लागले. विमान वस्तीपासून दूर नेऊन मग त्याने पॅराशूटने उडी घेतली. तो वाचला, पण विमान गेलं.

यावर २०२४ मध्ये युक्रेनच्या लोकांनी एक जुनं विमान बाहेर काढलं. त्याचं नाव याक-५२. पुढे एकच पंखा, दोन माणसांची जागा. १९७० च्या दशकात हे बनलं ते नव्या वैमानिकांना शिकवायला, लढायला नाही. पुढे वैमानिक बसतो, मागे नेमबाज. ड्रोन दिसलं की वैमानिक आपला वेग त्याच्या वेगाशी जुळवतो. नेमबाज डोक्यावरचं काचेचं झाकण सरकवतो आणि वाऱ्याच्या माऱ्यात बंदुकीने नेम धरतो. ओडेसा भागात त्यांनी अशी टेहळणी करणारी ड्रोन पाडली. खर्च किती? पेट्रोल आणि थोडी काडतुसं.

ही युक्ती तशी जुनीच बरं का! दुसऱ्या महायुद्धात जून १९४४ पासून जर्मनीने लंडनवर 'व्ही-१' हे बिनमाणसाचे उडते बॉम्ब सोडले. त्यांचा वेग ताशी सुमारे ६४० किलोमीटर. तेव्हा ब्रिटनने आपली सर्वांत वेगवान पंख्याची विमानं मागे लावली. काही वैमानिक तर आपला पंख हळूच बॉम्बच्या पंखाखाली नेत आणि त्याला कलता करत. बॉम्बच्या पोटात तोल सांभाळायला भोवऱ्यासारखी फिरणारी चक्रं असत. फार कललं की त्यांचं काम बिघडे आणि बॉम्ब वाटेतच खाली कोसळे. तिथे वेग वाढवावा लागला, युक्रेनमध्ये कमी करावा लागला. सूत्र एकच, ज्याला गाठायचं त्याच्या चालीने चाला.

पण याक-५२ म्हणजे जादूची कांडी नाही. त्यावर रडार नाही. रात्री किंवा ढगांत त्याला ड्रोन दिसणं कठीण, आणि शाहेद तर बहुतेक रात्रीच येतात. आता जेट इंजिनाची जलद ड्रोनही आली आहेत, त्यांना ते गाठू शकणार नाही. म्हणून प्रत्येक कामाला वेगळं हत्यार जवळ ठेवावं लागतं. आपल्या महाराष्ट्रातही, नाशिकजवळ ओझरला, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी एचटीटी-४० या पंख्याच्या शिकाऊ विमानाच्या उत्पादनाची नवी शाखा सुरू झाली. वैमानिकाचे पहिले धडे अशा विमानातच होतात.

हे सगळं सांगून झाल्यावर वर्गात टाळ्या पडल्या. "बाई, धडाम!" असंही कोणी ओरडलं. तेव्हा मी एकच प्रश्न विचारला, "पाडलेल्या ड्रोनचे तुकडे कुठे पडले असतील?" वर्ग गप्प झाला. मग तो चौथीतला मुलगाच हळूच म्हणाला, "बाई, कोणाच्या तरी घरावर."

म्हणून ते पाडायचं तर शेतावर किंवा समुद्रावर असतानाच, शहराच्या आधी. पतंग काटण्याचा हा खेळ नव्हे. पालकहो, मुलं मोबाइलवर अशी दृश्यं बघत असतील, तर तुम्हीही त्यांना हा प्रश्न जरूर विचारा.

आता तुमच्यासाठी गणित. ड्रोन ताशी १८० किलोमीटरने शहराकडे निघालंय. शहर त्याच्यापासून ४० किलोमीटरवर आहे. त्याच्या १० किलोमीटर मागून विमान ताशी २४० किलोमीटरने पाठलाग करतंय. विमान ड्रोनला किती मिनिटांत गाठेल? आणि तेव्हा शहर किती दूर असेल? उत्तर पुढच्या अंकात. तोवर आई-बाबांनाही डोकं खाजवू द्या!

तुमच्या बाई