शिकारीचा बेत आणि गायरानाचा सातबारा

१/१८
आजचा धागा एका पक्ष्यापासून सुरू करू. इ. स. १६१२ मध्ये मुकर्रबखान गोव्याहून काही अपूर्व पशुपक्षी घेऊन जहांगीर बादशहाच्या दरबारी दाखल झाला. त्यांतल्या एका पक्ष्याच्या डोक्याचा आणि गळ्याचा रंग क्षणाक्षणाला पालटत असे. बादशहाने आत्मचरित्रात त्याचे कौतुकाने वर्णन केले आणि उस्ताद मन्सूरने त्याचे चित्र रेखाटले. तो पक्षी म्हणजे टर्की. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

२/१८
टर्कीचे माहेर अमेरिका. तिथे आजही वसंत ऋतूत हजारो लोक सुट्टी काढून, नकाशे पसरून, परवाना घेऊन शेकडो मैलांवरच्या सरकारी रानात टर्कीच्या शिकारीला जातात. हा विणीचा काळ. नर मादीला साद घालत असतो. शिकारी मादीच्या आवाजाची नक्कल करून त्याला जवळ बोलावतो. बहुतेक ठिकाणी या हंगामात केवळ नर मारण्याचीच मुभा असते, म्हणजे मादी आणि अंडी वाचतात.

३/१८
हे वाचताना मनात प्रश्न आला : आपल्या नांदेड-लातूरकडे असा बेत कोणी आखला असता तर? दूरचे रान, सरकारी जमीन, हंगाम, परवाना, वाटाड्या. उत्तर शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले, की असे बेत इथे शतकानुशतके आखले गेले. मात्र बेत आखणारा कोण आणि ओझे वाहणारा कोण, याची नोंद आपण इतिहासप्रेमींनी फारशी ठेवलेली नाही. माझे आजचे मत याच उणिवेविषयी आहे.

४/१८
आरंभ बाराव्या शतकापासून. लातूरच्या सीमेला लागून असलेले बसवकल्याण ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' हा संस्कृत ज्ञानकोश रचला. त्यात पाकशास्त्र आहे, संगीत आहे आणि मृगयेवर सविस्तर विवेचनही आहे. ससाण्याकरवी पक्षी पकडण्याच्या खेळाला तर 'श्येनविनोद' असे स्वतंत्र नाव आहे. शिकार हा राजाचा 'विनोद', म्हणजे करमणूक, असे ग्रंथच सांगतो.

५/१८
त्याहून प्राचीन अर्थशास्त्र रानांची वर्गवारी करते : राजाच्या विहाराचे रान वेगळे, हत्तींचे वेगळे, आणि जिथे प्राण्याला अभय आहे ते वेगळे. अभयारण्यातला पशू मारणाऱ्याला दंड सांगितला आहे. तात्पर्य, 'हे रान कोणाचे आणि इथे कोणी काय मारावे' हा प्रश्न इंग्रजांनी आणलेला नाही. सत्ता जिथे आली, तिथे हा प्रश्नही आला.

६/१८
आता निजामाच्या काळात या. सहावा निजाम महबूब अली खान (कारकीर्द १८६९ ते १९११) वाघाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होता. राजा दीनदयाळ हा त्याच्या दरबाराचा छायाचित्रकार. शिकारीच्या छावण्यांची त्याने टिपलेली चित्रे आपण समाजमाध्यमांवर हौसेने पुढे पाठवतो. तंबू, गालिचे, बंदुका, पायाशी पडलेला वाघ. चित्राच्या कडेला मात्र काही अनवाणी माणसेही उभी असतात. त्यांची नावे चित्राखाली नसतात.

७/१८
१९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग नांदेडवरून मनमाडला पोहोचला. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी लातूरला आली. दूरचे रान जवळ आले. हैदराबादचा सरदार किंवा साहेब रात्री गाडीत बसला, की दुसऱ्या दिवशी गोदाकाठी उतरू शकत होता. पुढे बैलगाड्या, त्यापुढे पायवाट.

८/१८
बेताचे गणित असे असे. पाणपक्ष्यांसाठी हिवाळा, कारण परदेशी बदके तेव्हा तळ्यांवर उतरतात. मोठ्या शिकारीसाठी चैत्र-वैशाख : पानगळ झालेली, गवत वाळलेले, पाणवठे आटून दोन-चारच उरलेले. तहानलेले जनावर त्याच पाण्यावर येणार हे ठरलेले. जो महिना रानातल्या जिवाला सर्वांत कठीण, तोच शिकाऱ्याला सर्वांत सोयीचा. वसंताचा हा दुसरा अर्थ लक्षात ठेवावा.

९/१८
आणि मनुष्यबळ? रान उठवायला हाकारे हवेत, तंबू वाहायला गाड्या हव्यात, मुक्कामाला दूध-कोंबड्या हव्यात. मोठा अधिकारी वा पाहुणा फिरतीवर आला, की हे सारे गावाकडून वेठबिगारीने वसूल होत असे. मोबदला मिळाला तर मिळाला. ज्या बेताला आपण 'सहल' म्हणतो, तो गावकऱ्याच्या लेखी ऐन उन्हाळ्यात बुडालेली मजुरी होती.

१०/१८
जाणकार मात्र दुसरेच होते. फासेपारधी. तित्तिराचा आवाज हुबेहूब काढणारे, पिंजऱ्यातल्या पाळीव तित्तिराच्या सादेवर रानातला तित्तिर बोलावणारे, शिकवलेल्या गाई-बैलाच्या आडोशाने पाखराच्या जवळ सरकणारे. अमेरिकेतला शिकारी आज बाजारातून शीळ विकत आणून जे करतो, ते पारधी केवळ कंठातून करी. पाखरांची वीण, चरण्याच्या वेळा, उडण्याची दिशा हे सारे त्याच्या स्मरणात असे.

११/१८
या ज्ञानाचे फळ काय मिळाले? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिश मुलखात अनेक भटक्या समूहांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. पारध्यांचे अनेक गटही त्यात भरडले गेले. हा कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. एकाच रानात, एकाच पाखरामागे दोन माणसे. एकाच्या हाती बंदूक, तो 'शिकारी'. दुसऱ्याच्या हाती फासा, तो 'चोर'. फरक कृतीत नव्हता. तो कागदात होता.

१२/१८
किनवट-माहूरच्या रानाची कथा याहून तीव्र आहे. आज नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. गोंड, कोलाम, आंध यांचे हे घर. रान राखीव झाले आणि पिढ्यान् पिढ्या तिथे राहणारे लोक अतिक्रमक ठरले. याच आदिलाबाद जिल्ह्यात जोडेघाट येथे १९४० मध्ये कुमरम भीमने उठाव केला आणि तो मारला गेला. नंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या अभ्यासासाठी नेमले. 'सरकारी रान' या दोन शब्दांची किंमत अशी मोजली गेली आहे.

१३/१८
आता पाखरांच्या बाजूने पाहू. आपल्या दख्खनच्या माळावर टर्कीच्या तोडीचा पक्षी होताच : माळढोक. नराचे वजन १५ किलोपर्यंत. विणीच्या काळात तोही गळ्याची पिशवी फुगवून दूरवर घुमणारी साद घालतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एकट्या इंग्रजाने १८०९ ते १८२९ या काळात अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एक माणूस, वीस वर्षे, ९६१ पाखरे.

१४/१८
बेत आखून रानात जाण्याचा दुसरा मार्गही याच राज्याने पाहिला. १९३१-३२ मध्ये सालीम अली यांनी हैदराबाद संस्थानाचे पक्षी-सर्वेक्षण केले. तंबू तेच, बैलगाड्या त्याच, त्या काळच्या पद्धतीप्रमाणे नमुन्यांसाठी बंदूकही होती. पण हाती आली ती पाखरांची शास्त्रशुद्ध नोंद. याच सालीम अलींनी पुढे माळढोकाला राष्ट्रीय पक्षी करावे असा आग्रह धरला. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला.

१५/१८
स्वातंत्र्यानंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. गंमत अशी, की मूळ कायद्यात लहान-मोठ्या शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. 'अमेरिकेत शिकारीच टर्की वाचवतात, मग इथे परवाने का नकोत?' असा प्रश्न काही मित्र विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. तिथे १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरील कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. बहुतेक मुलखातून नाहीसा झालेला टर्की आज साठ लाखांच्या घरात आहे.

१६/१८
तरीही माझे उत्तर नकाराचेच आहे. तिथे विस्तीर्ण सरकारी रान हाताशी होते, आणि तेही मूळ रहिवाशांकडून हिसकावलेले, हे विसरू नये. इथे लातूर हा राज्यातल्या सर्वांत कमी वनक्षेत्राच्या जिल्ह्यांपैकी एक. भूभागाच्या १ टक्कादेखील रान नाही. परवाने निघाले तर ते कोणाला परवडतील आणि हाकाऱ्याला पुन्हा कोण उभा राहील, हे वरच्या छायाचित्रांत दिसतेच. बंदी योग्य होती. पण बंदीने काम अर्धेच झाले : बंदूक थांबली, माळ वाचला नाही. सोलापूरच्या नान्नज परिसरात १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले. तिथेही तो आता क्वचितच दिसतो. नांगरलेला माळ आणि विजेच्या तारा परवाना मागत नाहीत.

१७/१८
म्हणून खरा प्रश्न जमिनीचा. आपल्याकडची 'सार्वजनिक जमीन' म्हणजे गावाचे गायरान. कंधारची लाल कंधारी आणि देवणीची देवणी ही जनावरे त्याच चराईवर पोसली. तित्तिर, लावे, काळवीट तिथेच वाढले. भूमिहीनांनी हक्काच्या तुकड्यासाठी लढा दिला तोही या पडीक आणि गायरान जमिनींसाठी. १९५९ चा दादासाहेब गायकवाडांचा सत्याग्रह आठवा. कागदावर 'पडीक' दिसणारी ही जमीन कधीच रिकामी नव्हती. ज्यांचे पोट तिच्यावर आहे त्यांना वगळून पाखरे वाचवू पाहणे, हा जुन्या शिकारीच्या बेताचाच नवा अवतार ठरेल. तो भूमिहीन, तो गुराखी आणि तो पारधी निर्णयाच्या बैठकीत बसला पाहिजे.

१८/१८
आता तुमच्यासाठी एक बेत. या चैत्रात आजोळी जाल तेव्हा तलाठ्याकडे गायरानाचा गट क्रमांक विचारा, त्याचा सातबारा पाहा आणि गाव नमुना एक-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, चाळा. मग म्हाताऱ्यांजवळ बसून विचारा : इथे पूर्वी कोणती पाखरे होती, साहेबाच्या शिकारीला कोण हाकाऱ्याला गेले होते? नावे लिहून घ्या. छायाचित्राखाली न आलेली ती नावे लिहिली गेली, तर मराठवाड्याच्या इतिहासातले एक कोरे पान भरेल. तुमच्या गावच्या आठवणी खाली जरूर लिहा. माझे काही चुकले असेल तर निःसंकोच दुरुस्त करा. धागा समाप्त.