पहारेकऱ्याच्याच घरात

कांजिण्या आणि नागीण एकाच विषाणूमुळे होतात, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच हर्पिस कुळातला एक भाऊबंद मात्र नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या अंगात असूनही अनोळखी राहिला आहे. त्याचे नाव एपस्टाईन-बार. तो लाळेतून पसरतो. लहानपणी आला तर बहुधा कळतही नाही. तारुण्यात आला तर ताप, घसादुखी, मानेत गाठी आणि कित्येक आठवड्यांचा थकवा.

डिसेंबर १९६३ मध्ये युगांडातल्या एका रुग्णाच्या कर्करोगाच्या गाठीचा तुकडा विमानाने लंडनला निघाला. धुक्यामुळे विमान मँचेस्टरला उतरले. तुकडा पोहोचला तेव्हा बाटलीतले पाणी गढूळ झाले होते. नासला म्हणून फेकून देण्याऐवजी अँथनी एपस्टाईन यांनी त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यात मोकळ्या झालेल्या जिवंत पेशी! त्यांतूनच १९६४ मध्ये हा विषाणू सापडला.

तो मुक्काम करतो प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी-पेशींत, म्हणजे पहारेकऱ्याच्याच घरात. या पेशीवर एक आकडा असतो. रक्ताने खूण करून ठेवलेले जंतू ओळखायला तो उपयोगी पडतो. विषाणू आपले जीपी-३५० हे प्रथिन नेमके त्याच आकड्याला अडकवतो. पण नुसते अडकून दार उघडत नाही. ते काम जीपी-४२ या दुसऱ्या प्रथिनाचे. ते पेशीवरच्या एचएलए रेणूला धरते. पकडलेल्या जंतूचे तुकडे इतर पेशींना दाखवणारा हा रेणू, जणू पोलीसचौकीतला फळाच!

खरी गंमत पुढे आहे. बी-पेशीत नवे विषाणू तयार होताना हाच एचएलए पुष्कळसे जीपी-४२ अडकवून नष्ट करवतो. त्यामुळे बाहेर पडणाऱ्या विषाणूंवर ते कमी असते आणि असे विषाणू घशाच्या अस्तरातल्या पेशींत सहज शिरतात. तिथे सहसा हा एचएलए नसतो. म्हणून तिथून निघणाऱ्यांवर जीपी-४२ भरपूर, आणि त्यांचा रोख पुन्हा बी-पेशींकडे. हे २००२ मध्ये दाखवले गेले.

बहुतेकांना या भाडेकरूचा जन्मभर त्रास होत नाही. पण काही कर्करोगांशी त्याचा संबंध आहे. शिवाय अमेरिकी सैनिकांच्या २०२२ च्या अभ्यासात, या लागणीनंतर मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचा धोका ३२ पट वाढलेला दिसला.

बाजारात लस अजून नाही. जीपी-३५० वर बेतलेल्या एका लसीच्या चाचणीत तो तापाचा आजार ७८ टक्क्यांनी कमी झाला (२००७), पण लागण थांबली नाही. त्यानंतरच्या काही प्रायोगिक लसींत जीपी-४२ लाही घेतले आहे.