जुना अॅम्प्लिफायर : सुधारावा की नवा घ्यावा?

आपल्या कारागीर बंधूंच्या दुकानांत जुने अॅम्प्लिफायर अजूनही दुरुस्तीला येतात. गिऱ्हाईक विचारते, "यातच सुधारणा कराल, की नवा घेऊ?" या प्रश्नाच्या उत्तरावर दुकानाची पत ठरते.

क्वाड या ब्रिटिश कंपनीचा ४०५ घ्या. १९७५ साली निघालेला, दर चॅनेलला १०० वॅटचा. इतक्या वर्षांनीही त्याचा ट्रान्सफॉर्मर सहसा शाबूत असतो. सुकतात ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. ते बदलणे ही दुरुस्ती. आवाज 'खुलावा' म्हणून चांगला चालणारा आयसी काढून दुसरा बसवणे ही सुधारणा. दोन्ही एकाच बिलात मिसळू नयेत. आधी यंत्र मूळ स्थितीत आणून गिऱ्हाइकाला ऐकवावे. त्यानंतर त्याची इच्छा असेल तरच पुढे जावे. जलद आयसी जुन्या सर्किटमध्ये अस्थिर झाला, तर स्पीकरही जळू शकतो. ते नुकसान कोण भरणार?

सीडी प्लेअरचे गणित वेगळे. लेझर निकामी झाला आणि तसा बाजारात मिळत नसेल, तर बाकीची सुधारणा वाया जाते. तेथे "नवा घ्या" असे स्पष्ट सांगावे, मग आपली मजुरी बुडाली तरी चालेल.

बाजारात नकली ट्रान्झिस्टरही येतात; माल ओळखीच्या दुकानातूनच घ्यावा. खर्च आधी लिहून द्यावा आणि काढलेले भाग परत करावेत. एकदा फसलेले गिऱ्हाईक परत येत नाही. समाधानी गिऱ्हाईक मात्र आणखी चौघांना घेऊन येते.