लाजेत गेलेले बहात्तर तास

“ह्या गोष्टी पोरींना सांगितल्या की त्या मोकाट सुटल्याच समजा.” अमरावतीची पालकसभा असो की अकोल्यातली शिक्षकांची खोली, हे बोलणारी माणसं दुष्ट नसतात. त्यांना मनापासून काळजी असते. त्यांचं म्हणणं असं, की दिवस जाण्याची भीती हेच पोरींभोवतीचं कुंपण आहे; निरोधाची नि गोळीची माहिती दिली की ते पडलं.

मला हे मुळातच मान्य नाही. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला स्वतःचं नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती कमी झाली. त्या बाईला भीतीची काय कमी होती? समाजाचा धाक होता, वाळीत पडण्याची टांगती तलवार होती, नरकसुद्धा होता. तरीही दिवस गेलेच. वर्तमानपत्रं सगळ्या बाईजातीवर तुटून पडली, तेव्हा आपल्या वऱ्हाडातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषाला जाब विचारला. भीतीने संबंध थांबत नाहीत. थांबतं ते विचारणं.

विचारणाऱ्याला उत्तर देणंही आपण गुन्हा ठरवलं होतं. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली, मेरी स्टोप्सने लंडनात काढलं त्याच वर्षी. पुढे त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून. १९३४ साली डॉ. आंबेडकर कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले. कर्वे हरले, दंड भरला आणि मासिक चालूच ठेवलं. “समाज बिघडेल” ही ओरड तेव्हाही हीच होती.

आणि ‘पोरी’च कशाला? दोन लेकरांची आई, जिचा नवरा निरोध वापरायला तयार नाही, तिचं काय? लग्नाचं कुंकू काही गर्भनिरोधक नव्हे. तीही संबंधानंतरची गोळी घ्यायला मेडिकलसमोर उभी राहते, काउंटरवर ओळखीचा पुरुष दिसला की डोकेदुखीची गोळी घेऊन परतते. असा एक दिवस जातो, मग दुसरा.

त्या दिवसांची किंमत मोजण्यासारखी आहे. पुरुषबीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतं, स्त्रीबीज मात्र जेमतेम एक दिवस. म्हणजे धोक्याचे दिवस महिन्यातून सहाएक; पण ते नेमके कोणते, हे पाळी पुढेमागे होणाऱ्या बाईला आधी कळत नाही. “एकदाच तर झालं” हे म्हणूनच फसवं आहे. एकदाही पुरतं. “बाहेरच काढून घेतलं” यावरही विसंबता येत नाही. लगेच धुऊन काढल्याने, कच्च्या पपईने किंवा तीळगुळाने काही टळत नाही.

टळतं ते गोळीने. लेव्होनॉर्जेस्ट्रेल, दीड मिलिग्रॅम, एकच गोळी, संबंधानंतर बहात्तर तासांच्या आत. जितकी लवकर तितकी उपयोगी. २००५ पासून ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळते, आशाताईंकडेही असते. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. “ही गोळी म्हणजे गर्भपातच,” असं सांगणारे सुशिक्षित लोक मला भेटतात. ते साफ चूक आहे. ती स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते. गर्भ राहिलाच असेल तर तिचा काही परिणाम होत नाही. तिने वांझपणही येत नाही.

गर्भपाताचं पाकीट वेगळं. त्यात पाच गोळ्या असतात, एक आधीची आणि चार नंतरच्या, आणि ते डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घ्यायचं नसतं. हातात एक गोळी आली की पाच, एवढं पाहण्याची अक्कल बाईला देणं म्हणजे तिला बिघडवणं?

विरोधकांची एक बाजू मात्र मला मान्य आहे. “गोळी आहे ना” म्हणून दर खेपेला तिच्यावर भिस्त ठेवणारे तरुण आहेत, आणि ते चुकतात. गोळी घेतल्यानंतरच्या संबंधांना तिचं संरक्षण नाही, गुप्तरोगांपासून तर नाहीच. पाळी मागेपुढे होते, कधी गोळी अपयशी ठरते. वजन फार असेल तर तिचा परिणाम कमी पडू शकतो. पण यावर उपाय निरोध, माला-एन नि छाया या नेहमीच्या गोळ्या, अंतरा हे इंजेक्शन यांची माहिती देणं हा आहे. गप्प बसून ही चूक सुधारत नाही.

तीन दिवस उलटले तरी वाट बंद होत नाही. पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती गोळीपेक्षाही खात्रीची, आणि पुढे काही वर्षं कामी येते. अमरावतीच्या डफरीन किंवा अकोल्याच्या लेडी हार्डिंग या बायकांच्या सरकारी दवाखान्यात जाऊन तिच्याबद्दल विचारावं. संबंधानंतर तीन आठवड्यांनी लघवीची तपासणी करावी. त्याआधी ‘नाही’ आलं तरी ते पक्कं मानू नये. आणि दिवस गेलेच असतील, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक फसल्याच्या कारणावरून वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने कायदेशीर गर्भपात करता येतो, अविवाहितेलाही. सज्ञान बाईला त्यासाठी नवऱ्याची किंवा बापाची सही लागत नाही, आणि तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरला कायद्याने बंधनकारक आहे.