वाचता येते, पण उमजते का?

पाचवीतली एखादी मुलगी ओआरएसच्या पाकिटावरचा मराठी मजकूर आजीला खणखणीत आवाजात वाचून दाखवते. एकही जोडाक्षर अडत नाही. पण ‘संपूर्ण’ आणि ‘द्रावण’ हे शब्द तिच्यासाठी नुसते आवाज असतील, तर अर्धेच पाकीट एक लिटर पाण्यात पडते, किंवा २४ तासांनंतर टाकून द्यायचे पाणी आजारी भावाला पाजले जाते. वाचन बिनचूक, उपचार चुकीचा!

देवनागरीत बहुतेक शब्द जसे लिहिले तसे वाचले जातात. बाराखडी पक्की झाली की मूल कोणताही शब्द उच्चारू शकते. ही मोठीच सोय. पण तीच फसवते. घडाघडा वाचणाऱ्या मुलाला समजलेही असेल, असे शिक्षक आणि पालक दोघेही धरून चालतात. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये साधे सूत्र मांडले: अक्षरे उलगडणे आणि भाषा समजणे यांचा गुणाकार म्हणजे वाचनाचे आकलन. एक आकडा शून्य असेल, तर उत्तरही शून्यच.

शब्द आधी कानातून येतात. वारंवार सर्दी होणाऱ्या काही मुलांच्या मध्यकर्णात पाणी साचते आणि ऐकणे मंदावते. वर्गात अशा मुलावर ‘लक्ष नाही’ असा शिक्का बसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांची तपासणी होते; वाचनात मागे पडलेल्या मुलाचे कान आणि डोळे तेथे आवर्जून दाखवावेत. मेळघाट किंवा नंदुरबारमधल्या ज्या मुलांच्या घरी कोरकू, भिली बोलली जाते, त्यांची अडचण वेगळी. त्यांना वस्तू ठाऊक असते, पुस्तकातला शब्द नसतो. तेव्हा शिक्षकाने घरचा शब्द आधी विचारावा आणि पुस्तकी शब्द त्याला जोडून द्यावा.

सध्या शब्द शिकवणे म्हणजे धड्याखालचे शब्दार्थ वहीत उतरवणे. एका अवघड शब्दासाठी दुसरा अवघड शब्द पाठ होतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. त्यापेक्षा धड्यातले पाच-सहाच शब्द निवडावेत. नुसत्या कठीण शब्दांपेक्षा पुढे विज्ञान, भूगोल, वर्तमानपत्र अशा ठिकाणी पुन्हा भेटणारे शब्द घ्यावेत. अर्थ रोजच्या बोलीत सांगावा, उदाहरण मुलांकडून घ्यावे आणि तोच शब्द आठवडाभर वेगवेगळ्या वाक्यांतून त्यांच्या तोंडी येऊ द्यावा.

शब्द फोडायलाही शिकवावे. ‘भवन’ म्हणजे इमारत एवढेच ठाऊक असलेल्या मुलाला ‘बाष्पीभवन’ कसे कळणार? येथे भवन म्हणजे होणे, बाष्प म्हणजे वाफ, हे एकदा उलगडले की ‘घनीभवन’ही परके राहत नाही. ‘जंतू’ कळला की जंतुनाशक, निर्जंतुक, जंतुसंसर्ग ही सारी भावंडे ओळखीची होतात.

याने सगळेच साधेल असे नाही. शिकवलेले शब्द ज्या उताऱ्यात असतात, त्याचे आकलन चांगले सुधारते. अनोळखी उताऱ्यावर परिणाम बराच कमी दिसतो, हे आजवरच्या संशोधनाचे सार आहे. म्हणूनच शब्दांच्या यादीपेक्षा सवय महत्त्वाची: अडलेल्या शब्दापाशी थांबणे, मागचे-पुढचे वाक्य पाहणे, विचारणे. त्यासाठी वर्गात ‘कळले नाही’ म्हणण्याची भीती नसावी.

पालकांना यासाठी शिकवणी लावण्याची गरज नाही. रोज दहा मिनिटे गोष्ट वाचून दाखवावी, किंवा स्वतःला वाचता येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्यावी आणि शेवटी एवढेच म्हणावे, ‘आता हे तुझ्या शब्दांत सांग.’ मूल किती वेगाने वाचते, यापेक्षा या प्रश्नाचे उत्तर ते कसे देते, यावर त्याचे वाचन जोखले पाहिजे.