बाप्तिस्म्यानंतरचे प्रश्न

धर्मांतराचा वाद पेटला की दोनच उत्तरे पुढे येतात. एक बाजू म्हणते, फसवले. दुसरी म्हणते, देवाने बोलावले. दोन्हींत त्या माणसाच्या बुद्धीला काहीच काम उरत नाही. पंडिता रमाबाईंची इंग्लंडमधील पत्रे वाचायला हवीत ती याचसाठी.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज इथे रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला आणि महाराष्ट्रात गहजब झाला. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘सरस्वती’ म्हणून गौरवले, ती बाई मिशनऱ्यांच्या नादी लागली, असा सूर होता. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू उघडपणे घेतली.

नादी लागणाऱ्याची वाट अशी नसते. कलकत्त्यात धर्मशास्त्रे वाचताना रमाबाईंना दिसले, की एरवी एकमेकांशी न जुळणारे ग्रंथ स्त्रियांना आणि शूद्रांना हीन ठरवण्यात मात्र एकमत आहेत. पुढे लंडनच्या फुलम भागात, समाजाने टाकलेल्या बायकांना जोगिणी मायेने सांभाळताना त्यांनी पाहिल्या. हे कशासाठी, असे विचारल्यावर योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना ऐकवली गेली. ग्रंथ तपासले, आचरण पाहिले, मग निर्णय घेतला.

आणि प्रश्न तिथे थांबले नाहीत. त्रैक्य कशाच्या आधारावर मानायचे? कुमारीच्या पोटी जन्म झाला, हे मानल्याशिवाय ख्रिस्ती होता येत नाही का? वाँटेजच्या जोगीण सिस्टर जेराल्डीन यांना रमाबाई प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत, पण वाद घालताना हात राखत नसत. चर्चमध्ये आले म्हणून बिशपांचा शब्द न् शब्द प्रमाण मानणार नाही, हे त्यांनी स्पष्ट कळवले. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याला मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्या चिडल्या. शाकाहारही सोडला नाही. सिस्टर जेराल्डीनना यात अहंकार दिसला. चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनी मात्र त्या शंकांना शंका म्हणूनच उत्तरे दिली.

माणसाचा स्वतःचा निर्णय की देवाचे बोलावणे, हा पेच ख्रिस्ती परंपरेला नवा नव्हता. माणसाची इच्छा तारणाच्या कामी मोकळी आहे की नाही, यावर १५२४ मध्ये इरॅस्मसने ग्रंथ लिहिला आणि पुढच्याच वर्षी मार्टिन ल्यूथरने त्याला कडक उत्तर दिले. रमाबाईंच्या आयुष्यात या वादाच्या दोन्ही बाजू भेटतात. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला उमगले, की धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, असे त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत नोंदवले आहे. बुद्धीने केलेला प्रवास त्यांनी नाकारला नाही. तो पुरेसा नव्हता, एवढे मान्य केले.

त्यांची बाजू घेणाऱ्यांनी १८९३ सालही विसरू नये. रमाबाईंनी विधवांसाठी चालवलेल्या शारदा सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळण्याचे वचन होते. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा सुधारक रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या. मी कुणाला बसवत नाही आणि कुणाला उठवतही नाही, ही रमाबाईंची भूमिका प्रामाणिक होती. तरीही अन्न, निवारा आणि शिक्षण एकाच हातून मिळत असताना बालविधवेची इच्छा कितपत मोकळी, ही शंका रास्त होती. पण हीच शंका मुली घरी नेणाऱ्यांबद्दलही घ्यायला हवी. सासरच्या आणि माहेरच्या धाकात तरी ती इच्छा कुठे मोकळी होती?

इच्छेच्या मोकळेपणाचा हाच प्रश्न पुढे कायद्यासमोरही आला. घटनेच्या २५व्या कलमाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य प्रत्येकाला दिले. ओडिशाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये बळजबरी, आमिष आणि फसवणुकीविरुद्ध कायदे केले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. बळजबरी आणि फसवणूक रोखायलाच हवी. पण या कायद्यांचा सगळा रोख धर्मांतर करवणाऱ्यावर होता. प्रत्येक तक्रारीत सर्वांत आधी नोंदवला जावा तो धर्म बदलणाऱ्या सज्ञान माणसाचा जबाब, नातेवाइकांच्या आणि पाद्र्यांच्या गैरहजेरीत, त्याच्याच शब्दांत. वर्तमानपत्रांनीही बातमी छापण्याआधी त्या माणसाला गाठावे आणि त्याने हा निर्णय का घेतला, हे त्यालाच विचारावे.